वाकलेले फाटक आणि उखडलेली छावणी

१/
सन १९४४, पोलंड. पाऊस कोसळतो आहे. चिखलातून माणसांची एक रांग काटेरी तारांच्या आत ढकलली जात आहे. कोटांवर पिवळे तारे शिवलेले आहेत. एका मुलाची आईवडिलांपासून ताटातूट होते आणि मधले फाटक बंद होते. मुलगा हात पुढे करून आक्रोश करतो, तसे फाटकाचे लोखंड त्याच्या दिशेने वाकू लागते. एक सैनिक बंदुकीच्या दस्त्याने त्याच्या डोक्यावर प्रहार करतो. मुलगा कोसळतो आणि लोखंड जिथल्या तिथे थांबते.

२/
जुलै २००० मध्ये प्रदर्शित झालेल्या 'एक्स-मेन' या चित्रपटाचा हा आरंभ. सुपरहीरोंच्या चित्रपटाकडून प्रेक्षकांची जी अपेक्षा असते तिच्या मानाने हा चमत्कार अगदीच किरकोळ म्हणावा लागेल. एक फाटक, तेही फार फार तर हातभर वाकलेले.

३/
सोळा वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दिग्दर्शकाने त्याच पात्राला पुन्हा पोलंडमधील छावणीत उभे केले. 'एक्स-मेन: अपोकॅलिप्स' या चित्रपटात मॅग्नेटो आउश्वित्झच्या भूमीवर उभा राहतो आणि सारी छावणी जमिनीतून उखडून तिच्या चिंधड्या करतो. तंत्रदृष्ट्या पहिल्या दृश्याची दुसऱ्याशी तुलनाच होऊ शकत नाही. परिणामाच्या दृष्टीनेही होऊ शकत नाही, पण उलट्या दिशेने. असे का व्हावे, हे समजण्यासाठी प्रथम १९६३ पर्यंत मागे जावे लागते. 🧵

४/
'द एक्स-मेन' या कॉमिकच्या पहिल्या अंकावर सप्टेंबर १९६३ अशी तारीख आहे. लेखन स्टॅन ली, चित्रे जॅक कर्बी. दोघेही न्यूयॉर्कमधील ज्यू स्थलांतरितांची मुले. जन्मनावे अनुक्रमे स्टॅन्ली लीबर आणि जेकब कर्टझबर्ग. कर्बी दुसऱ्या महायुद्धात पायदळात होता आणि १९४४ मध्ये फ्रान्सच्या भूमीवर लढला होता. युद्धात अमेरिका उतरण्याच्या वर्षभर आधी हिटलरच्या जबड्यावर ठोसा लगावणारा 'कॅप्टन अमेरिका' ज्याने रेखाटला, तोच हा चित्रकार.

५/
अशा दोघांनी निर्मिलेला मॅग्नेटो मात्र पहिल्या अंकात निव्वळ आरडाओरडा करणारा दुष्ट आहे. तो 'केप सिटाडेल' नावाच्या अमेरिकन क्षेपणास्त्रतळावर हल्ला चढवतो. क्युबाच्या क्षेपणास्त्रसंकटाला तेव्हा वर्षही झाले नव्हते, त्यामुळे या कल्पनेला काळाचा संदर्भ निश्चितच आहे. परंतु माणूस म्हणून मॅग्नेटोला ना नाव आहे, ना गाव, ना आईबाप. चौथ्या अंकात तो जी टोळी घेऊन येतो तिच्या नावातच 'दुष्ट' हा शब्द आहे. स्वतःच्या संघटनेला कोणी असे नाव देईल काय, हा प्रश्न त्या काळी कोणाला पडला नसावा.

६/
येथे एका लोकप्रिय समजाचा निकाल लावणे आवश्यक आहे. प्रोफेसर झेव्हियर म्हणजे मार्टिन ल्यूथर किंग आणि मॅग्नेटो म्हणजे माल्कम एक्स, अशी योजना आरंभापासूनच होती, असे वारंवार सांगितले जाते. १९६३ चे अंक उघडून पाहिले तर त्याचा मागमूस आढळत नाही. त्या अंकांतला मॅग्नेटो कोणत्याही समाजाच्या वेदनेचा प्रवक्ता नाही. त्याला जग जिंकायचे आहे, एवढेच. हे साम्य पुढे आलेल्या लेखनामुळे दिसू लागले आणि मग मागे नेऊन चिकटवले गेले.

७/
सामर्थ्याची उणीव मॅग्नेटोकडे कधीच नव्हती. क्षेपणास्त्रे वळव, रणगाडे उडव, यंत्रे चिरडून टाक, हे सारे तो पहिल्या अंकापासून करीत होता. तरीही मासिकाची विक्री घसरत गेली आणि १९७० मध्ये नव्या कथा बंद पडल्या. पुढची सुमारे पाच वर्षे 'एक्स-मेन' या नावाखाली जुन्याच कथा पुन्हा छापल्या जात होत्या. आज अब्जावधी डॉलरचा मानला जाणारा हा ऐवज तेव्हा अक्षरशः अडगळीत पडला होता.

८/
१९७५ मध्ये लेन वीन आणि डेव्ह कॉक्रम यांनी नवी पात्रे आणून मासिकाला पुन्हा उभे केले. त्याच वर्षी लेखनाची सूत्रे ख्रिस क्लेअरमाँट या तरुण लेखकाकडे आली आणि पुढली सोळा वर्षे त्याच्याकडेच राहिली. या लेखकाने तारुण्यात इस्रायलमधील किबुत्झवर काही काळ काम केले होते. छळछावण्यांतून वाचलेली माणसे त्याने तेथे जवळून पाहिली होती.

९/
क्लेअरमाँटने स्वतःला एक साधा प्रश्न विचारला: मॅग्नेटो माणसांचा एवढा द्वेष का करतो? अठरा वर्षांत हा प्रश्न कोणी गांभीर्याने विचारला नव्हता. त्याचे उत्तर ऑक्टोबर १९८१ च्या १५० व्या अंकात आले.

१०/
हा अंक सावकाश वाचण्याजोगा आहे. त्यात देखाव्यांची कमतरता नाही. मॅग्नेटो जगातील सरकारांना शरणागतीचा निर्वाणीचा इशारा देतो. सोव्हिएत पाणबुडी त्याच्यावर अण्वस्त्रे सोडते, तेव्हा तो ती पाणबुडी खलाशांसह समुद्राच्या तळाशी पाठवतो. एका सोव्हिएत शहराखालून ज्वालामुखी वर काढतो. १९८१ म्हणजे शीतयुद्धाने पुन्हा उचल खाल्ल्याचा काळ, त्यामुळे वाचकांच्या काळजाचा ठोका चुकवायला एवढे पुरेसे होते.

११/
मात्र अंकाचा कळस याहून लहान आहे. किटी प्राइड ही चौदाही पूर्ण न झालेली ज्यू मुलगी त्याचे यंत्र निकामी करू पाहते. संतापाच्या भरात तो तिच्यावर विजेचा आघात करतो आणि ती निपचित पडते. मॅग्नेटो थांबतो. ते लहान शरीर उचलून घेऊन तो गुडघ्यांवर बसतो. आपले सारे कुटुंब आउश्वित्झमध्ये संपले आणि ज्यांनी ते संपवले त्यांच्यासारखेच आपण झालो आहोत, हे त्याला त्या क्षणी उमगते. मुलगी जिवंत असते, पण तो लढाई सोडून निघून जातो.

१२/
ज्वालामुखी आणि पाणबुडी यांची जागा आज कथासूचीत आहे. गुडघ्यांवर बसलेल्या माणसाने मात्र पुढची चाळीस वर्षे बदलली. त्या एका पानाने आधीच्या अठरा वर्षांच्या कथांचा अर्थही फिरवला. क्षेपणास्त्रतळावरचा जुना, बटबटीत हल्लासुद्धा आता 'पुन्हा कोणी आम्हाला संपवण्याआधी' या भीतीतून वाचता येऊ लागला.

१३/
मुख्य म्हणजे, नव्या भूतकाळामुळे त्याची कृत्ये माफ झाली नाहीत. बुडालेल्या पाणबुडीतले खलाशी कथेत विसरले गेले नाहीत. डिसेंबर १९८५ च्या २०० व्या अंकात मॅग्नेटो पॅरिसमध्ये न्यायासनापुढे उभा राहतो आणि त्या मृत्यूंचा विषय तेथे निघतो. देखाव्याला परिणाम असतात आणि ते चार वर्षांनंतरही भोगावे लागतात, ही शिस्त क्लेअरमाँटने पाळली. आजच्या अनेक चित्रपटांत पहिल्या अर्ध्या तासात कोसळलेली इमारत शेवटच्या अर्ध्या तासात कोणालाही आठवत नाही.

१४/
दरम्यान १६१ व्या अंकात, १९८२ मध्ये, आणखी एक दुवा जोडला गेला होता. युद्धानंतर हैफा येथील एका रुग्णालयात, छळछावण्यांतून वाचलेल्यांची शुश्रूषा करताना, झेव्हियर आणि मॅग्नेटो यांची मैत्री झाली होती. म्हणजे नायक आणि खलनायक यांच्यातला संघर्ष दोन मित्रांमधला मतभेद झाला. एकाने मानवजातीवर विश्वास ठेवला, दुसऱ्याला तो ठेवणे शक्य नव्हते. आणि दुसऱ्याचे कारण वाचकाला खोडून काढता येत नव्हते.

१५/
चित्रपटाकडे हा ऐवज असा तयार होऊन आला. २००० मधल्या 'एक्स-मेन'चा खर्च सुमारे साडेसात कोटी डॉलर होता, या प्रकारच्या चित्रपटासाठी तेव्हाही बेताचाच. तीनच वर्षांपूर्वी आलेल्या 'बॅटमॅन अँड रॉबिन'वर याहून कितीतरी अधिक खर्च झाला होता. डोळे दिपवणारे रंग, खेळण्यांच्या दुकानात शोभतील अशी वाहने आणि श्वार्झनेगरसारखा तारा असूनही त्या चित्रपटाने बॅटमॅनची मालिका आठ वर्षे बंद पाडली. जॉर्ज क्लूनी त्याबद्दल आजही जाहीरपणे क्षमा मागतो.

१६/
ब्रायन सिंगरने आपला चित्रपट पोलंडमधील पावसात सुरू केला, त्यामागे ही पार्श्वभूमी लक्षात घ्यावी. पडद्यावर केवळ देश आणि वर्ष उमटते. मुलाचे नाव सांगितलेले नाही, छावणीचेही नाही. पुढे इयान मॅकेलनचा वृद्ध मॅग्नेटो पडद्यावर येतो तेव्हा उत्परिवर्तितांची सक्तीने नोंदणी करण्याचा कायदा त्याला का असह्य होतो, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. माणसांची यादी तयार होऊ लागली की पुढे काय होते, हे त्याने पाहिलेले आहे. आणि प्रेक्षकाने त्याला ते पाहताना पाहिलेले आहे.

१७/
त्या चित्रपटाचा शेवट तर प्लास्टिकच्या तुरुंगात होतो. दोन वृद्ध मित्र बुद्धिबळ खेळत बसले आहेत. अंतिम दृश्यात स्फोट नाही, उडणारे कोणी नाही. तरीही पुढचा चित्रपट पाहावा असे वाटायला लावणारी धमकी त्या संथ संवादातच आहे.

१८/
२००३ च्या दुसऱ्या भागातील त्याची सुटका याच जातीची. तुरुंगात लोखंडाचा कणही नसतो. मग एका पहारेकऱ्याच्या रक्तात आधीच टोचलेले लोह मॅग्नेटो त्याच्या शरीरातून खेचून काढतो आणि त्याच्या लहान गोळ्या बनवतो. चमचाभर धातू. पण या सभ्य, सुसंस्कृत, दुखावलेल्या म्हाताऱ्याच्या आत काय दडले आहे, हे त्या चमचाभर धातूत दिसते आणि अंगावर काटा येतो.

१९/
नंतर आला २००६ चा 'द लास्ट स्टँड', दिग्दर्शक ब्रेट रॅटनर, खर्च सुमारे २१ कोटी डॉलर. येथे मॅग्नेटो सॅन फ्रान्सिस्कोचा अख्खा गोल्डन गेट पूल उचलून अल्कॅट्राझ बेटापर्यंत नेतो. का? तर तेथे जायचे आहे म्हणून. होडी उपलब्ध होती. त्याच चित्रपटात वर्षानुवर्षे निष्ठेने साथ देणारी मिस्टिक आपली शक्ती गमावते आणि तो तिला क्षणार्धात टाकून निघून जातो. या निर्दयतेतून काही घडवता आले असते. चित्रपटाला मात्र पुलाकडे जाण्याची घाई होती.

२०/
तरीही त्या चित्रपटात एक जागा आहे. काही तरुण उत्परिवर्तित मॅग्नेटोला विचारतात की तुझ्या अंगावर आमच्यासारखी गोंदणखूण का नाही. तो बाही वर करून हातावरचा छावणीचा क्रमांक दाखवतो. एकदा आपल्याला खूण केली गेली आहे, यापुढे कोणतीही सुई या त्वचेला शिवणार नाही, अशा आशयाचे एक वाक्य तो बोलतो. कैद्यांच्या अंगावर क्रमांक गोंदवण्याची पद्धत नाझींच्या छावण्यांपैकी आउश्वित्झ संकुलातच होती. २१ कोटींच्या चित्रपटात सर्वांत टिकाऊ ठरलेला भाग एका मनगटावर मावतो.

२१/
व्यापाराची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. 'द लास्ट स्टँड'ने जगभरात सुमारे ४६ कोटी डॉलर मिळवले, पहिल्या दोन्ही भागांहून अधिक. उलट, अनेकांना अधिक सरस वाटणारा २०११ चा 'फर्स्ट क्लास' सुमारे ३५ कोटींवर थांबला. देखावा तिकिटे विकतो, हे निर्मात्यांचे म्हणणे खोटे नाही. प्रश्न असा आहे की पूल उचलून झाल्यावर पुढे काय उचलायचे? स्टुडिओला उत्तर सापडले नाही आणि कथा भूतकाळात न्यावी लागली.

२२/
मॅथ्यू वॉनने दिग्दर्शित केलेला 'फर्स्ट क्लास' पुन्हा त्याच पावसापासून, त्याच फाटकापासून सुरू होतो. या वेळी पुढची घटनाही दिसते. छावणीतला एक अधिकारी मुलासमोर नाणे ठेवतो आणि ते हलवायला सांगतो. मुलाला जमत नाही. अधिकारी त्याच्या आईला गोळी घालतो. तेव्हा मात्र खोलीतला प्रत्येक धातू चुरगळतो. क्रोध म्हणजे शक्ती, हा धडा मुलगा तिथे शिकतो आणि पुढे आयुष्यभर गिरवतो.

२३/
१९६२ मध्ये मायकल फासबेंडरचा एरिक अर्जेंटिनात लपलेले नाझी शोधत फिरतो. ही पटकथाकारांची निव्वळ कल्पना नव्हे. आडोल्फ आइशमनला मे १९६० मध्ये अर्जेंटिनातच पकडण्यात आले, १९६१ मध्ये जेरुसलेममध्ये त्याच्यावर खटला चालला आणि १९६२ च्या मध्यास त्याला फाशी झाली.

२४/
चित्रपटाच्या मध्यावर झेव्हियर एरिकला दूरवरची एक प्रचंड रडारची थाळी वळवायला सांगतो. क्रोधाच्या बळावर ती हलत नाही. झेव्हियर त्याच्या मनातून एक विसरलेली आठवण वर आणतो: आईसोबत लावलेल्या मेणबत्त्या. एरिकच्या डोळ्यांत पाणी येते आणि थाळी सावकाश वळते. धातू येथेही हलतो, भव्य प्रमाणात हलतो. पण प्रेक्षक थाळीकडे पाहत नाही, एरिकच्या चेहऱ्याकडे पाहतो. पुढे तो पाणबुडी समुद्रातून वर उचलतो, त्या दृश्याचे निम्मे वजन या मेणबत्त्यांनी आधीच तोलून ठेवलेले असते.

२५/
शेवटी अमेरिकन आणि सोव्हिएत, दोन्ही आरमारांनी डागलेली क्षेपणास्त्रे एरिक हवेत थोपवून उलटी फिरवतो. झेव्हियर त्याला विनवतो की जहाजांवरची ती माणसे केवळ आदेश पाळत आहेत. याहून चुकीचे शब्द निवडता आले नसते. न्यूरेंबर्ग येथे नाझी अधिकाऱ्यांनी आणि जेरुसलेममध्ये आइशमनने आपल्या बचावात हेच सांगितले होते. एरिकच्या कानांवर त्या शब्दांचा काय परिणाम होतो, ते इतिहास ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला आधीच कळते. मैत्री तिथे तुटते.

२६/
आणि आता २०१६. 'अपोकॅलिप्स'मधला एरिक १९८३ मध्ये पोलंडच्या एका पोलाद कारखान्यात नाव बदलून मजुरी करतो आहे. पत्नी आहे, लहान मुलगी आहे. एका सहकाऱ्याचा जीव वाचवताना त्याचे गुपित फुटते. पोलीस धातूची शस्त्रे न आणता धनुष्यबाण घेऊन जंगलात येतात. गोंधळात एक बाण सुटतो आणि आई व मुलगी दोघींचा अंत होतो. हे दृश्य उत्तम आहे. लोखंडाचा स्वामी एका लाकडी बाणापुढे हतबल होतो आणि फाटकापाशी उभा असलेला तोच मुलगा पुन्हा दिसतो.

२७/
या दुःखाला सावरायला चित्रपटाकडे वेळ नसतो. काही मिनिटांतच अपोकॅलिप्स त्याला आउश्वित्झला नेतो, शक्ती वाढवून देतो, आणि जमिनीच्या खोल थरांतले धातू हाक मारल्यासारखे वर येतात. इमारती, तारा, माती, सारे आकाशात. संगीत टिपेला पोहोचते. त्यानंतर एरिक जगभरची शहरे उद्ध्वस्त करू लागतो आणि अखेरीस जुन्या मित्राशी दोन शब्द बोलून मोकळा होतो. न्यायासन नाही, हिशेब नाही.

२८/
इतिहासाच्या अभ्यासकाला या दृश्यात जे खुपते ते वेगळेच आहे. आउश्वित्झ नष्ट करण्याचा प्रयत्न प्रत्यक्षात एकदा झाला होता, आणि तो वाचलेल्या कैद्यांनी केला नव्हता. जानेवारी १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्य जवळ आले, तेव्हा बिर्केनाऊ येथील दाहगृहे आणि गॅसकोठड्या एसएसने सुरुंग लावून उडवल्या. सुमारे ११ लाख माणसांच्या हत्येचा पुरावा मिटवायचा होता. २७ जानेवारीला सोव्हिएत सैनिक आत शिरले तेव्हा ढिगारे उरले होते.

२९/
उलट, ती जागा जपली जावी यासाठी झटणाऱ्यांत माजी कैदीच पुढे होते. पोलंडच्या संसदेने जुलै १९४७ मध्ये तेथे संग्रहालय स्थापणारा कायदा केला. काझिमिएश स्मोलेन हा स्वतः त्या छावणीत कैदी राहिलेला माणूस १९५५ पासून १९९० पर्यंत संग्रहालयाचा संचालक होता. १९७९ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारसास्थळ म्हणून नोंदवले. म्हणजे चित्रपटातील १९८३ साली मॅग्नेटो जे उखडतो ते वाचलेल्यांनी साठ्यात जपलेले साक्षीपुरावे आहेत.

३०/
एखाद्या वाचलेल्या माणसाला ती जागा पृथ्वीवरून पुसून टाकावीशी वाटणार नाही काय? अवश्य वाटू शकते. तो मनुष्यस्वभाव आहे आणि त्यावर एक विलक्षण प्रसंग उभा राहिला असता. पुसून टाकले तर सूड उगवला जाईल, पण साक्ष कोण देईल, या पेचात एरिकला क्षणभर तरी उभे करायला हवे होते. १९८१ च्या कॉमिकने एका मुलीच्या शरीरापुढे त्याला तसे उभे केले होते. २०१६ च्या चित्रपटाने फक्त शक्ती किती वाढली ते दाखवले.

३१/
तिकीटखिडकीवर 'अपोकॅलिप्स'ला सुमारे ५४ कोटी डॉलर मिळाले. त्याआधीच्या 'डेज ऑफ फ्यूचर पास्ट'ला सुमारे ७५ कोटी मिळाले होते. २०१९ च्या 'डार्क फिनिक्स'ने मोठे नुकसान सोसले आणि त्याच वर्षी स्टुडिओच डिस्नेच्या ताब्यात गेल्यावर ही मालिका संपली. या घसरणीला कारणे अनेक आहेत. एकट्या छावणीच्या दृश्यावर तिचे खापर फोडणे अन्यायाचे होईल.

३२/
कॉमिकने मात्र त्याच विषयाला दुसऱ्या रीतीने हात घातला होता. २००८-०९ मध्ये ग्रेग पाक आणि कार्मिने दि जानडोमेनिको यांची 'मॅग्नेटो: टेस्टामेंट' ही पाच अंकांची मालिका आली. तिच्यात मॅग्नेटो हे नाव धारण करणारा कोणी नाही, शिरस्त्राण नाही, उडणारा धातू जवळजवळ नाहीच. मॅक्स नावाचा एक जर्मन ज्यू मुलगा आहे, जो आउश्वित्झमध्ये झोंडरकोमांडोत ढकलला जातो.

३३/
झोंडरकोमांडो म्हणजे गॅसकोठड्यांतील प्रेते बाहेर काढून जाळण्याच्या कामी जुंपलेले कैदी. ७ ऑक्टोबर १९४४ रोजी त्यांनी बंड केले आणि चौथ्या क्रमांकाचे दाहगृह पेटवले. शेकडो मारले गेले. आपण वाचणार नाही हे ठाऊक असल्याने त्यांच्यापैकी काहींनी जे पाहिले ते कागदावर लिहून त्याच छावणीच्या मातीत पुरून ठेवले. झाल्मन ग्राडोव्स्की याचे लेखन मुक्तीनंतर काही आठवड्यांतच, १९४५ मध्ये, खणून काढण्यात आले. तो स्वतः बंडात मारला गेला होता.

३४/
अशी हस्तलिखिते पुढेही वर्षानुवर्षे सापडत राहिली. ऑक्टोबर १९८० मध्ये, तिसऱ्या दाहगृहाच्या अवशेषांजवळ, जमिनीत पुरलेला एक थर्मास हाती आला. आत सालोनिकाच्या मार्सेल नजारी याने ग्रीक भाषेत लिहिलेली पाने होती. कागद ओलाव्याने इतके खराब झाले होते की बहुतांश मजकूर वाचता येत नव्हता. तो वाचता येण्यासाठी आणखी तीन दशकांहून अधिक काळ आणि संगणकाच्या साहाय्याने केलेली प्रतिमाप्रक्रिया लागली. चित्रपटातील मॅग्नेटो जी माती आकाशात भिरकावतो, तिच्यातून हा थर्मास निघाला त्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती.